सायलेन्सरला पडलेलं भोक घरी बुजवणं: पेस्ट, पट्टी की वेल्डिंग?

रानवाट

१५० सीसीची मोटरसायकल, हवेने थंड होणारं इंजिन, फ्युएल इंजेक्शन, मूळचाच साध्या पोलादाचा काळा सायलेन्सर. इंजिनातून निघणारा बेंड पाइप जिथे सायलेन्सरला मिळतो त्याच्या थोडं मागे, खालच्या अंगाला, करंगळीच्या नखाएवढं भोक पडलंय. भोवतीच्या रंगाला फुगे आलेत. थ्रॉटल सोडला की फटफट होते. शिवाय थंड इंजिन सुरू केलं की इंजिनच्या हेडजवळ टिकटिक ऐकू येते, पाचेक मिनिटांत ती बंद होते.

घरात पान्यांचा संच, ड्रिल, अँगल ग्राइंडर आणि पायपंप आहे. वेल्डिंग मशीन नाही. हे घरी नीट दुरुस्त होईल का? होणार असेल तर कशाने? पेस्ट, गुंडाळायची पट्टी, लाल सिलिकॉन, स्टील पुट्टी अशी बरीच नावं कानावर येतात. कुठे काय चालतं हे सांगाल का?

नटबोल्ट

तुमच्याकडे एक नाही, दोन गळत्या दिसतायत. थंड असताना टिकटिक आणि तापल्यावर शांत, हे हेड आणि बेंड पाइपमधली गॅस्केट (जोड हवाबंद करणारी कडी) गळत असल्याचं ठळक लक्षण. धातू तापून फुगला की फट मिटते, म्हणून आवाज जातो. नुसतं मागचं भोक बुजवलंत तर फटफट बरीचशी तशीच राहील, कारण पुढची गळती जास्त त्रास देते.

थ्रॉटल बंद केल्यावर मिश्रण नीट पेट घेत नाही आणि थोडं न जळलेलं पेट्रोल पाइपमध्ये उतरतं. एक्झॉस्टमध्ये दाब सारखा वरखाली होत असतो. दाब कमी झाला त्या क्षणी फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. गरम पाइप, पेट्रोलची वाफ आणि ताजी हवा एकत्र आली की फट् होणारच.

कानस

गळती शोधायची पद्धत देतो, अंदाजावर काम करू नका.

इंजिन पूर्ण थंड हवं. व्हॅक्यूम क्लीनरला फुंकण्याचं तोंड असेल तर त्याची नळी सायलेन्सरच्या शेपटीत बसवा आणि भोवती चिंधी कोंबा. नसेल तर पायपंपाची नळी चिंधीतून आत घाला आणि दुसऱ्या कुणाला पंप मारायला सांगा. मग साबणाचं दाट पाणी प्रत्येक जोडावर फवारा: हेडची फ्लँज (पाइप हेडला आवळणारी कड), बेंडचे वेल्ड, ऑक्सिजन सेन्सरचा बॉस (सेन्सर बसतो तो आट्यांचा भाग), बेंड आणि सायलेन्सरचा जोड, सायलेन्सरच्या पोटाची शिवण. फुगे दिसतील तिथे खडूने खूण करा. दाब फार लागत नाही, फुंकर पुरते.

इंजिन चालू ठेवून हात फिरवत गळती शोधू नये. एक तर भाजतं, आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. इंजिन चालू करायचं ते उघड्यावरच.

उंबरठा

फटफट फक्त गळतीनेच होते असं नाही. बऱ्याच गाड्यांत एक्झॉस्ट पोर्टमध्ये (हेडमधून धूर बाहेर पडतो त्या तोंडात) मुद्दाम हवा सोडणारी व्यवस्था असते, न जळलेलं पेट्रोल तिथेच जळावं म्हणून. थ्रॉटल बंद होताच तिचा व्हॉल्व मिटायला हवा. त्याचा पडदा फाटला असेल किंवा नळीला चीर असेल तर अगदी हाच आवाज येतो. एक्झॉस्ट खोलण्याआधी ती नळी एकदा पाहून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

नटबोल्ट

+१, हे राहिलंच होतं.

झाळकाम

आता भोकाकडे. करंगळीच्या नखाएवढं दिसतंय ते वरून. सायलेन्सर आतून गंजतो आणि बाहेर भोक दिसेपर्यंत भोवतीचा पत्रा कागद झालेला असतो. रंगाला आलेले फुगे तेच सांगतायत.

कारण साधं आहे. १ लिटर पेट्रोल जळलं की जवळपास १ लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. लांबच्या फेरीत ती वाफ निघून जाते. जवळ जवळ फिरणाऱ्या गाडीचा सायलेन्सर पुरता तापतच नाही, वाफ आतच थिजते आणि तळाशी साचते. ते पाणी आम्लधर्मी असतं. म्हणून भोक खालच्याच अंगाला पडतं.

टोच्या किंवा जुना स्क्रूड्रायव्हर घ्या आणि भोकाभोवती दर अर्ध्या सेंटिमीटरवर दाबत जा. जिथे टोक घुसेल किंवा पत्रा दबेल तो भाग मेला समजा. टोक नुसतं ओरखडा काढेल तिथून पुढे धातू शाबूत. दुरुस्ती कशाने करायची हे भोकाच्या आकारावरून ठरत नाही. शाबूत कडा कुठे सापडते आणि तिथे उष्णता किती आहे, यावरून ठरतं.

चाकोरी

टोचण्याआधी एक बघा. ते गंजाचंच भोक आहे ना? सायलेन्सरच्या सर्वात खालच्या जागी कंपनीने पाणी निचऱ्याला २-३ मिलिमीटरचं गोल भोक ठेवलेलं असतं. ते बुजवलं तर पाणी आतच राहतं आणि पुढच्या पावसाळ्याआधी दुसरं भोक पडतं.

झाळकाम

महत्त्वाचं बोललात. निचऱ्याचं भोक गोल, स्वच्छ कडेचं आणि बहुधा मागच्या अंगाला असतं. यांचं पुढे आहे आणि भोवती फुगे आहेत, म्हणजे गंजच. पण दुरुस्ती करताना ते मागचं भोक मात्र तारेने मोकळं करून घ्या.

मध्यम_गती

कुठे काय चालतं ते एकेक घेऊ.

लाल सिलिकॉन. चांगल्या प्रतीचं असलं तरी साधारण ३०० ते ३४० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं. हेडजवळ बेंड पाइप भार असताना याच्या कितीतरी वर जातो, म्हणून तिथे ते जळून भुकटी होतं. आणखी एक धोका म्हणजे साध्या सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सर खराब करते. सेन्सरला चालेल असं ट्यूबवर लिहिलं नसेल तर एक्झॉस्टच्या आसपासही आणू नका.

स्टील पुट्टी. बहुतेक इपॉक्सी पुट्ट्या १२० ते २५० अंशांच्या पुढे सोडून देतात. दगडासारखी घट्ट दिसते म्हणून लोक फसतात. सायलेन्सरच्या अगदी शेपटीला कदाचित राहील, पुढे अजिबात नाही.

एक्झॉस्ट पेस्ट. ही सोडियम सिलिकेटवर आधारलेली असते आणि १००० अंशांच्या आसपासचं तापमान सोसते. उष्णता तिचं काही बिघडवत नाही, कंप बिघडवतो. वाळल्यावर ती ठिसूळ होते. दोन पत्र्यांच्या मधे पातळ थर म्हणून उत्तम, उघड्या भोकावर लिंपण म्हणून निकामी. दोनचार खड्ड्यांत ढेकूळ निघून पडतं.

गुंडाळायची पट्टी. काचतंतूंच्या कापडात रेझिन मुरवलेलं असतं, उष्णतेने ते कडक होतं. गोल पाइपवर छान बसते.

पाना_दहा

पट्टीबद्दल थोडा असहमत. पाइप गोल असेल आणि धातू शाबूत असेल तर ठीक. पण यांचं भोक सायलेन्सरच्या पोटाच्या सुरुवातीला आहे, तिथे आकार शंकूसारखा निमुळता असतो. पट्टी तिथून घसरते, आणि सुटली की कडा पाणी धरून ठेवते. आतून गंज चालू असतोच, बाहेरूनही सुरू होतो.

मध्यम_गती

शंकूवर नको हे मान्य. सरळ पाइपवर लावायची असेल तर आधी चकचकीत धातूपर्यंत घासायचं, भोकावर पेस्टचा पातळ थर, त्यावर पातळ पत्र्याची पट्टी, मग ही पट्टी भोकाच्या दोन्ही बाजूंना किमान ५ सेंटिमीटर पुढे जाईल अशी ताणून गुंडाळायची आणि टोकांना तारेने किंवा क्लॅम्पने आवळायचं.

बारा_टाके

मुळात वेल्डिंगशिवायचा प्रत्येक उपाय तात्पुरता आहे. सायलेन्सर उतरवा, वेल्डरकडे न्या, मोकळे व्हा.

झाळकाम

वेल्डिंगही शाबूत धातूवरच टिकतं. कुजलेल्या पत्र्यावर डाग दिला की तो जळून भोक आणखी मोठं होतं, मग वेल्डर त्याच्यावर धातू ओतत बसतो. मेलेला भाग कापून काढण्याचं आणि ठिगळ तयार करण्याचं काम घरी करता येतं. खरी मेहनत तिथेच आहे, आणि ती नीट झाली तर प्रत्यक्ष वेल्ड दहा मिनिटांचं.

पाना_दहा

पण सायलेन्सर उतरवण्यातच बहुतेकांचं घोडं अडतं. हेडच्या स्टडवरचे (हेडमध्ये रोवलेल्या आट्यांच्या दांड्यांवरचे) नट. इथे घाई केली तर हजाराची दुरुस्ती हेडवर जाते, म्हणून सविस्तर लिहितो.

आदल्या रात्री नट आणि स्टड वायर ब्रशने घासा आणि गंज सोडवणारं तेल मारा. सकाळी पुन्हा मारा. सहा कोनांचा सॉकेट वापरा, बारा कोनांचा नको, तो गंजलेल्या नटाचे कोपरे खातो. आधी नट किंचित घट्ट करून पाहा, म्हणजे गंजाचा थर तडकतो. मग सोडवा. पाव फेरा सुटला की थोडा परत घट्ट करा, तेल मारा, पुन्हा सोडवा. पाना लवचीक वाटायला लागला, म्हणजे फिरतोय पण नट सुटल्यासारखा वाटत नाही, तर लगेच थांबा. स्टड पिळतोय. पुढचा आवाज तुटण्याचा असेल.

हलत नसेल तर उष्णता द्या. पण आधी तेल पुसून वाळू द्या, ते पेट घेतं. पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवा.

कानस

उष्णता कुठे द्यायची यावर वाद होतात, म्हणून नेमकं सांगतो. नट स्टडवरून सोडवायचा असेल तर नट तापवा, तो फुगून सैल होतो. स्टडच हेडमधून काढायचा असेल तर हेडचा तेवढा भाग तापवा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे भोक स्टडपेक्षा जास्त मोठं होतं. एकाच जागी ज्योत धरून ठेवू नका, फिरवत राहा. ॲल्युमिनियम वितळण्याआधी लाल होत नाही, डोळ्यांना काहीच कळत नाही.

रानवाट

आणि स्टड तुटलाच तर?

पाना_दहा

वर टोक शिल्लक असेल तर दोन नट एकमेकांवर आवळा आणि खालच्या नटाला पाना लावून स्टड फिरवा. टोक अगदी छोटं असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करतात. वेल्डची उष्णता गंज सोडवते आणि पकडायला नटही मिळतो. हाच सर्वात खात्रीचा मार्ग.

हेडच्या पातळीवर तुटला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून डाव्या फिरकीच्या ड्रिलने पोखरा, कित्येकदा ड्रिल करतानाच तुकडा उलटा फिरून बाहेर येतो. तुटका तुकडा काढायचा एक्स्ट्रॅक्टर शेवटी, आणि तोही हलक्या हाताने. तो कडक पोलादाचा असतो, आत मोडला तर साध्या ड्रिलने पोखरता येत नाही.

आटे खराब झाले असतील तर एम ८ (८ मिलिमीटरच्या स्टड) साठी ६.८ आणि एम ६ साठी ५ मिलिमीटरचं ड्रिल, ही आटे पाडण्याची मापं. मूळ आटेच उरले नसतील तर तारेच्या स्प्रिंगसारखे नवे आटे बसवायचे. त्याचं ड्रिल मोठं असतं आणि ते संचासोबतच येतं, मनाने माप घेऊ नका.

जुनी_टू_स्ट्रोक

विषय निघालाच आहे तर टू-स्ट्रोकवाल्यांसाठी. तिथे भोकापेक्षा तेलकट कार्बन साचण्याचा त्रास जास्त. गाडी वर ओढत नाही, आवाज कोंदट होतो. आतली बॅफल नळी निघत असेल तर ती काढून उघड्यावर ब्लोटॉर्चने जाळून घ्या आणि वायर ब्रशने झाडा. पाइपसाठी कॉस्टिक सोडा वापरतात. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. हातमोजे आणि चष्मा हवाच. ॲल्युमिनियमचा कुठलाही भाग त्यात जाऊ देऊ नका, तो विरघळतो आणि हायड्रोजन सुटतो. बाहेरचा रंगही जाईल हे धरून चाला.

टू-स्ट्रोकच्या फुगीर पाइपचा आकार इंजिनच्या ताकदीशी बांधलेला असतो. मोठा पोचा पडला तरी फरक कळतो, त्यामुळे ठिगळ मूळ वळणाबरहुकूमच हवं.

बारा_टाके

फोर-स्ट्रोकलाही मागून थोडा दाब लागतोच ना? गळती असली की खालच्या वेगात ताकद जाते म्हणतात.

नटबोल्ट

इंजिनला दाबाची गरज नसते. पाइपची लांबी आणि व्यास यांमुळे दाबाच्या लाटा ठरावीक वेळी परत येतात आणि सिलिंडर रिकामा करायला मदत करतात. पुढच्या गळतीने त्या लाटा बिघडतात. रानवाट यांच्या गाडीला ऑक्सिजन सेन्सर आहे, त्यामुळे आणखी एक भानगड. सेन्सरच्या आधी गळती असेल तर आत शिरलेल्या हवेमुळे मिश्रणात पेट्रोल कमी आहे असं त्याला वाटतं, ईसीयू (इंजिनचा संगणक) पेट्रोल वाढवतो. मायलेज पडतं, प्लग काळा होतो. लोक मग इंजेक्टर साफ करत बसतात आणि दोष गॅस्केटचा असतो.

रानवाट

साबणपाणी करून पाहिलं. हेडच्या फ्लँजला भरपूर फुगे, भोकातून तर हवा सरळच येते. बाकी जोड कोरडे. हवेच्या व्हॉल्वची नळी ठीक आहे. टोच्याने तपासलं तर भोकाभोवती साधारण ३ सेंटिमीटरचा पट्टा मऊ लागला, त्यापुढे धातू घट्ट. आतली नळी भोकातून दिसते, ती शाबूत वाटते. नट तेलात भिजत ठेवलेत.

झाळकाम

म्हणजे चित्र स्पष्ट आहे. ठिगळ आणि वेल्ड. आतली नळी शाबूत आहे हे फार चांगलं, नाहीतर बाहेरून कितीही सांधलं तरी आवाज मूळचा राहिला नसता.

मऊ भाग ग्राइंडरच्या १ मिलिमीटरच्या चकतीने कापा. कोपरे चौकोनी ठेवू नका, गोलसर ठेवा, कोपऱ्यातून चीर धावते. आतल्या नळीला चकती लागू देऊ नका. कापल्यावर आतला सुटा गंज हलवून बाहेर काढा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) सायलेन्सरच्या पुढच्या भागात असेल तर ठोकाठोक नको, त्याची जाळी चिनी मातीसारखी ठिसूळ असू शकते.

ठिगळाला १ ते १.२ मिलिमीटरचा साधा पोलादी पत्रा घ्या. झिंक चढवलेला पत्रा नको, वेल्ड करताना त्याचा धूर विषारी असतो. आधी पुठ्ठ्याचं माप कापा, शाबूत धातूवर चारी बाजूंनी १० ते १५ मिलिमीटर चढेल एवढं. मग पत्रा सायलेन्सरपेक्षा थोड्या कमी व्यासाच्या पाइपवर ठोकून वळवा, म्हणजे बसवताना कडा घट्ट टेकतात. फट राहिली तर पातळ पत्रा तिथेच जळतो.

वेल्डची जागा बाहेरून २ सेंटिमीटरपर्यंत चकचकीत घासा. पुसायला क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर मुळीच वापरू नका, वेल्डच्या उष्णतेत त्याचा फॉस्जीन हा प्राणघातक वायू होतो. ॲसिटोनने पुसा आणि पूर्ण उडून जाऊ द्या.

वेल्डरला मिग मशीन (तार आपोआप पुरवणारं वेल्डिंग मशीन) आणि ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरची तार आहे का विचारा. साध्या वेल्डिंग रॉडने एवढ्या पातळ पत्र्यावर काम करणारा हात दुर्मीळ. समोरासमोर टाके मारत जायचं, एका दमात पूर्ण शिवण ओढायची नाही, नाहीतर पत्रा वाकडा होतो.

मध्यम_गती

तोवर गाडी चालवायचीच असेल तर हेच ठिगळ पेस्टचा पातळ थर देऊन ४.८ मिलिमीटरच्या स्टेनलेस रिव्हेटने बसवता येतं. ॲल्युमिनियमचे रिव्हेट पुढच्या भागात सैल होतात. पेस्ट आत ओघळणार नाही एवढीच लावा, सुटलेला तुकडा मागे जाऊन अडकतो. मग इंजिन दहा मिनिटं आयडलवर ठेवून थंड करा, लगेच पळवू नका.

चाकोरी

रंगाचं विसरू नका. ६०० अंशांचा उष्णतारोधक रंग, आधी १२० मग २४० नंबरचा पेपर, दोनतीन पातळ थर. तो हवेत वाळतो पण पक्का होतो उष्णतेनेच. दहा मिनिटं आयडल, पूर्ण थंड, मग वीस मिनिटं, पुन्हा थंड. तोवर नखाने खरवडून पाहू नका.

रानवाट

नट दोन्ही सुटले, स्टड शाबूत! सायलेन्सर उतरवला. पण पोर्टमध्ये गॅस्केट दिसतच नाही. नुसता धातू दिसतोय.

पाना_दहा

ती आहेच. चेपून, काजळी बसून पोर्टच्या पायरीशी एकजीव दिसते. ही फसगत फार होते, मग जुनीवर नवी बसते आणि फ्लँज कधीच नीट आवळत नाही. बारीक आकड्याने कड शोधून आतल्या बाजूने उचका. बसण्याच्या ॲल्युमिनियमला ओरखडा येऊ देऊ नका. व्हॉल्व उघडा असू शकतो, म्हणून पोर्टमध्ये आधी चिंधी घाला आणि ती परत काढायचं लक्षात ठेवा.

नवी गॅस्केट ग्रीसच्या दोन ठिपक्यांनी जागेवर चिकटवा, ग्रीस जळून जातं. स्टडच्या आट्यांना तांब्याचं अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) अगदी थोडं, सेन्सरच्या टोकाला ते लागता कामा नये. नट शक्यतो नवे, तांब्याचा मुलामा असलेले किंवा पितळी, ते स्टडला धरत नाहीत.

आवळण्याचा क्रम: सगळं आधी हाताने सैल बसवा, मागचा ब्रॅकेट बोल्टसुद्धा. मग हेडचे नट आळीपाळीने, अर्धा अर्धा फेरा. मग मधला क्लॅम्प. ब्रॅकेट सर्वात शेवटी. ब्रॅकेट आधी आवळला तर पाइप ओढलेल्या अवस्थेत बसतो, फ्लँज तिरकी राहते आणि वेल्डला चीर जाते. ब्रॅकेटचं भोक जुळत नसेल तर पाइपला जोर लावू नका, वॉशर घाला. आवळायचा जोर मॅन्युअलमध्ये पाहा. ढोबळ सांगायचं तर एम ६ ला १० न्यूटन-मीटरच्या आसपास आणि एम ८ ला २० च्या आसपास.

रानवाट

गॅस्केट निघाली, दोन होत्या! एकावर एक. सायलेन्सर कापून पुठ्ठ्याचं माप तयार आहे, उद्या मिगवाल्याकडे. वेल्ड झाल्यावर परत साबणपाणी करून पाहतो.

कानस

बसवण्याआधीच करा, हातात असताना. एका टोकाला चिंधी घट्ट कोंबा, दुसऱ्याकडून पंप, आणि निचऱ्याच्या भोकावर बोट. वेल्डच्या कडेला फुगा आला तर तिथे टाका मारून घेणं तेव्हाच सोपं.

पाना_दहा

आणि पहिल्यांदा पूर्ण तापून थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा एकदा तपासा. नवी गॅस्केट चेपते, पाव फेरा तरी मिळतोच.